पाऊणकी

बाबांनी हिंगोली सोडून कल्याणला नोकरी धरली, तेव्हा आजी त्यांना एकच गोष्ट फिरून फिरून विचारायची. "नदी माघारी फिरती म्हन्तोस, मंग गावं बुडत न्हाईत का रे?" कयाधूच्या काठावर जन्म गेलेल्या बाईला ते पटणार तरी कसं? आमची कयाधू पावसाळ्यात एका अंगाने वाहते आणि उन्हाळा लागला की तिचे डोह तेवढे उरतात. तिकडे उल्हास नदी दिवसातून दोनदा उलटी चालताना बाबा रोज डोळ्यांनी बघत होते.

त्यांचं काम पाणी वाचायचं. दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीत काळ्या-पांढऱ्या खुणांची एक गेजपट्टी रोवलेली होती. दर पंधरा मिनिटांनी तिच्यावरचा आकडा वहीत उतरवायचा, रात्रंदिवस, पाळीपाळीने. पौर्णिमेला सुरुवात केली की अमावस्येपर्यंत सुट्टी नाही. तेवढ्यात उधाणाची भरती आणि मधली भांगाची भरती, दोन्ही मापात येतात.

आठवीच्या मे महिन्यात एका रात्री मी त्यांच्यासोबत बसलो होतो. बॅटरीच्या उजेडात पाणी खुणा गिळत वर येत होतं. गवताच्या काड्या, एक फुटकी चप्पल, निर्माल्याची पिशवी, सगळं वरच्या अंगाला चाललेलं. "आता वसईला ओहोटी लागली असेल," बाबा म्हणाले. पाणी तर अजून चढतंय, मी म्हणालो. मग त्यांनी मातीत काडीने रेघ ओढून दाखवलं. भरती म्हणजे एक फार लांब लाट. वसईच्या मुखातून शिरलेल्या लाटेला कल्याण गाठायला वेळ लागतो. शिवाय खाडी उथळ होत जाते, तसा लाटेचा माथा खालच्या खोल पाण्यामुळे भरभर पुढे येतो आणि पायथा मागे रेंगाळतो. म्हणून आतल्या भागात पाणी चढतं लवकर, उतरायला मात्र जास्त वेळ घेतं.

एक हिशेब त्यांनी तिथल्या कोळ्यांकडून उचलला होता. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. पाच पाऊण पावणेचार, म्हणून पंचमीला पावणेचार. अकरा पाऊण सव्वाआठ, म्हणून एकादशीला सव्वाआठ. बाबांच्या लहानपणी शाळेत घोकून घेतलेली पाऊणकी अशी समुद्रावर कामाला आली, याचं त्यांना फार अप्रूप होतं. कल्याणसाठी वरचा वेळ ते वहीतल्या आकड्यांवरून मिळवायचे. नोकरी संपवून ते गावी परतले, तरी कालनिर्णय बघून ओसरीवरून सांगत, "आज एवढ्याला तिकडं पाणी भरलं असंल." ऐकायला कोणी असो नसो.

ते वैशाख वद्य अष्टमीला गेले. कयाधू कोरडी होती. रक्षा सोडायला पाणी शोधत आम्ही वाळूतून बरंच चाललो, तेव्हा गुडघाभर पाण्याचा एक डोह सापडला. तिथून पावसाळ्यात पैनगंगा, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. बाबांनी जन्मभर मोजला तो समुद्र दुसऱ्या बाजूचा.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. आषाढात पेटी आवरताना ती वही निघाली. एका ओळीत पहाटे सव्वातीनच्या आकड्यापुढे दुसऱ्या हातचं, बाळबोध अक्षर होतं. माझं. डुलकी लागत होती म्हणून त्यांनी तेवढा एक आकडा मला लिहायला दिला होता. मी वही मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिलो.

त्यांचं श्राद्ध आम्ही तिथीने करतो. तारीख दरवर्षी मागेपुढे होते. अष्टमीचा हिशेब मात्र ठरलेला आहे. भांगाचा दिवस, पाणी बेताने चढणार, बेताने उतरणार. आठ पाऊण सहा. मुंबईला सहाच्या सुमारास, कल्याणला त्यानंतर.