पाण्याविना पंधरा सेकंद

कोलंबस, इंडियाना

चि. सायली,


तुझा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. होय, ट्रॅक्टर पुलिंगच्या शर्यतीतली कित्येक इंजिनं ब्लॉकमध्ये थेंबभर पाणी नसताना चालतात. म्हणून इंजिनाला पाणी लागतच नाही, असं मात्र तुझ्या वर्गातल्या मुलांनी समजू नये. पाणी काढलं म्हणून उष्णता कमी होत नाही. पाणी जे काम करत होतं ते दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. ते कोण करतं आणि किती वेळ करू शकतं, एवढं कळलं की सगळं कोडं सुटतं.

आधी हा खेळ नीट समजून घे. अमेरिकेत त्याची नियमावली सांभाळणारी एनटीपीए ही संघटना १९६९ साली स्थापन झाली. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन गावी दर ऑगस्टमध्ये त्याचा मोठा मेळा भरतो. ट्रॅक्टरच्या मागे एक लोखंडी स्लेड जोडतात. तिच्यावरची वजनाची पेटी सुरुवातीला स्लेडच्याच मागच्या चाकांवर असते. ट्रॅक्टर ओढू लागला की ती पुढे सरकते आणि भार जमिनीला घासणाऱ्या तळावर येतो. म्हणजे प्रत्येक फुटागणिक ओझं वाढतच जातं. ३०० फूट पार केले की ‘फुल पुल’. या सगळ्याला लागतात साधारण दहा ते पंधरा सेकंद. ब्लॉक कोरडा का चालतो, याचं निम्मं उत्तर या सेकंदांतच आहे.

आता हिशेब कर. १००० अश्वशक्तीचं इंजिन घे, म्हणजे जवळजवळ ७४६ किलोवॉट. नेहमीच्या डिझेल इंजिनात पाण्याकडे जाणारी उष्णता ढोबळमानाने इंजिनातून मिळणाऱ्या शक्तीच्या साठ टक्क्यांच्या आसपास धर. पंधरा सेकंदांत ती होते सुमारे ६७०० किलोज्यूल. ब्लॉक आणि हेड मिळून ३०० किलो ओतीव लोखंड आहे असं मान. लोखंडाची विशिष्ट उष्णता दर किलोला, दर अंशाला ०.४६ किलोज्यूल. म्हणजे पाणी नसताना सगळ्या लोखंडाचं सरासरी तापमान पन्नासेक अंशांनी वाढेल. पन्नास अंशांनी लोखंडाला काहीच होत नाही. उष्णता साठवायला लोखंड पुरेसं आहे, फक्त ओढ थोड्याच वेळाची हवी.

पण सरासरीवर विसंबू नकोस. चुलीवर तवा ठेवला की मध्यभाग लाल व्हायला येतो तरी दांडा हाताला पोळत नाही, तसंच इथेही होतं. दहा-पंधरा सेकंदांत ओतीव लोखंडातून उष्णता दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरते. म्हणजे बाहेरचा जाड ब्लॉक थंडच असतो आणि सगळा मार लायनरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचा, वरचा भाग, पिस्टनचा माथा आणि हेडमधली दोन व्हॉल्व्हमधली अरुंद पट्टी यांवर बसतो. अॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतो. फट संपते, तेलाचा पापुद्रा फाटतो, लायनरवर ओरखडे उठतात आणि इंजिन जाम होतं. हेडला तडा जातो तोही त्या पट्टीतूनच.

म्हणून इंधन कोणतं, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोरडा ब्लॉक खरा शोभतो मिथेनॉलच्या इंजिनाला. एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ११०० किलोज्यूल लागतात, पेट्रोलला साडेतीनशेच्या आसपास. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी मिथेनॉल दुपटीहून जास्त जाळावं लागतं. दोन्ही धरले तर ऊर्जेच्या प्रत्येक मापामागे मिथेनॉल पेट्रोलच्या सातपट थंडावा देतं, तोही सिलिंडरच्या आत, आगीच्या शेजारी. डिझेलकडे ही सोय नाही. ते हवा दाबून तापल्यावरच फवारलं जातं. म्हणून मोठ्या बूस्टवर चालणाऱ्या डिझेल पुलरमध्ये हवेच्या वाटेत पाण्याचा फवारा मारतात. एक किलो पाण्याची वाफ सुमारे २२५० किलोज्यूल घेऊन जाते. ब्लॉकमधून काढलेलं पाणी हवेच्या नळीतून परत आलं, असं म्हण.

मग मुळात ब्लॉक कोरडा करायचाच कशाला? वजनासाठी नव्हे. गटाची वजनमर्यादा ठरलेली असते आणि ती गाठायला पुढे लोखंडी वजनं टांगतातच. वीस-तीस किलो पाण्याने फारसं बिघडत नाही. खरं कारण मजबुती. प्रचंड दाबाखाली सिलिंडरच्या भिंती थरथरतात, लायनर हलतो, हेड गॅस्केट फुटतं. त्यावर उपाय म्हणून पाण्याच्या पोकळीत सिमेंटसारखं घट्ट बसणारं मिश्रण ओततात. काही जण ते अर्ध्यापर्यंत भरतात आणि वर पाणी खेळतं ठेवतात. काही जण पूर्ण भरतात आणि हेडला वेगळी टाकी आणि विजेचा पंप लावून फक्त तिथे थंड पाणी फिरवतात. भरण करताना बेअरिंग कॅप कसलेले हवेत, हेडच्या जागी जाड प्लेट आवळलेली हवी, आणि मिश्रण पुरतं वाळल्यावरच बोअर आणि होनिंग करायचं. क्रम उलटा झाला तर सिलिंडर गोल राहत नाही.

पोकळी भरणं आणि पोकळी रिकामी ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मुलांना आवर्जून सांग. ट्रॅक्टरच्या पुष्कळ इंजिनांत लायनर ओले असतात. म्हणजे पाणी थेट त्यांच्या पाठीला लागतं आणि खाली रबरी ओ-रिंग ते अडवते. अशा ब्लॉकमधलं पाणी नुसतं काढून इंजिन चालवलं तर लायनरला आधार नाही, उष्णतेला वाट नाही आणि रबर भाजून निघतं. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट पाणी. त्याची ठिकठिकाणी वाफ होते आणि एक बाजू थंड, दुसरी जळती राहते. तापलेल्या कोरड्या ब्लॉकमध्ये घाईने गार पाणी ओतणं म्हणजे तडा हमखास.

तापमानाच्या काट्यावरही भरवसा ठेवू नकोस. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी नसताना काटा निवांत खाली बसलेला दिसेल आणि आत हेड जळत असेल. म्हणून या इंजिनांत हेडच्या धातूचं आणि एक्झॉस्टचं तापमान थेट मोजायचं. ओढ संपून इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं ब्लॉकचा बाहेरचा भाग तापतच जातो, कारण आत अडकलेली उष्णता तेव्हा बाहेर पोचते. खरी परीक्षा असते ‘पुल-ऑफ’ला. अनेकांनी फुल पुल केला तर स्लेड जड करून त्यांना पुन्हा ओढायला लावतात. तेव्हा दुसरी फेरी थंड लोखंडावर सुरू होत नाही. पहिल्या फेरीचं ओझं घेऊनच ती सुरू होते.

आपल्याकडे गळीत हंगामात ट्रॅक्टर उसाच्या भरल्या ट्रॉल्या घेऊन तासन्‌तास चालतो. तुझ्या बाबांच्या ट्रॅक्टरचं इंजिन आणि इथलं शर्यतीचं इंजिन एकाच घराण्यातलं असू शकेल, पण वरच्या हिशेबातले पंधरा सेकंद एक तास करून बघ. लोखंड वितळण्याच्याही कितीतरी पुढे आकडा जातो. तिथे रेडिएटर, थर्मोस्टॅट, योग्य प्रमाणातलं कूलंट आणि क्षार नसलेलं पाणी यांना पर्याय नाही. बोअरचं जड पाणी घातलं तर क्षारांचा थर बसतो, आणि तो थर म्हणजे हळूहळू कोरडा होत जाणारा ब्लॉकच.

माझं मत असं आहे: मिथेनॉल असेल, पोकळी नीट भरलेली असेल आणि ओढ काही सेकंदांचीच असेल तर ब्लॉक बिनधास्त कोरडा ठेवावा. डिझेल असेल तर निदान हेडला तरी पाणी द्यावं. शेतातल्या इंजिनाचं पाणी कधीही काढू नये. तुमच्या वर्गाच्या एखाद्या प्रकल्पात पाणी काढायचंच ठरलं, तर स्पॅनर हातात घेण्याआधी कागदावर लिहा: उष्णता किती, ती कुठे साठणार आणि किती सेकंद. ही तीन उत्तरं जुळत नसतील तर इंजिन सुरू करू नका.

तुझा,
विनूमामा