घराला कुलूप, पण डबा चालू

मिरजेत आमचा केबलचा धंदा वडिलांपासूनचा. आता केबल नावापुरती उरलीय, पोट फायबरच्या इंटरनेटवर भरतं. पण गल्लीत मी अजून ‘केबलवाला’च. नेट बंद पडलं की लोक हक्कानं ओरडतात, त्याची सवय आहे. मागच्या पावसाळ्यात मात्र वेगळीच तक्रार यायला लागली. नेट चालू, वेगही ठीक, पण कुठलीही साइट उघडली की ‘तुम्ही रोबो नाही ना?’ हा प्रश्न. सिग्नल ओळखा, झेब्रा पट्टे ओळखा, मग पुढे जा. एका बाईंना बँकेच्या साइटनं दारातच अडवलं. एकाच्या ओटीटीवर ‘व्हीपीएन बंद करा’ असा दम आला. व्हीपीएन कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि सगळ्या तक्रारी एकाच भागातल्या.

त्यामागचं कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते कधीचेच अपुरे पडलेत. आमच्यासारख्या छोट्या प्रोव्हायडरकडे ते मोजकेच, म्हणून एका पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवावी लागतात. बाहेरच्या जगाला ती सगळी एकच दिसतात. एका घरातून उपद्व्याप झाला की तो पत्ता बदनाम, आणि शिक्षा अख्ख्या गल्लीला.

रात्री ऑफिसात बसून एकेका कनेक्शनचे ग्राफ बघत गेलो. साध्या घराचा ग्राफ ओळखीचा असतो: संध्याकाळी मालिका, रात्री मॅच, येणारा डेटा भरपूर, जाणारा जेमतेम. एका घराचं मात्र तसं नव्हतं. येणारी आणि जाणारी रेघ जोडीनं, एकाच उंचीवर, पहाटे तीनलाही. जेवढं आत येत होतं तेवढंच बाहेर पडत होतं. आणि त्या घराला कुलूप होतं. तिथले काका-काकू लेकीकडे पुण्याला गेलेत हे मला पक्कं माहीत होतं, कारण जाताना काकूंनी कुंड्यांना पाणी घालायचं काम आमच्याच लाइनमनच्या गळ्यात घातलं होतं.

ते परतल्यावर गेलो. टीव्हीखाली राउटर, आणि त्याच्या शेजारी काळा चपटा डबा. “जावयानं आणलाय,” काका म्हणाले. “एकदाच पैसे भरायचे, मग सगळे चॅनल, सगळे पिक्चर फुकट. तुझ्या केबलची गरजच उरली नाही बघ.” हे माझ्याच तोंडावर. आता यावर मी ‘डबा वाईट आहे’ म्हटलं असतं तर धंद्याच्या पोटदुखीनं बोलतोय असंच वाटलं असतं. म्हणून काही न बोलता मोबाइलवर त्यांचा ग्राफ लावून हातात दिला आणि डब्याची पिन काढली. दोन्ही रेघा तळाला गेल्या. पिन लावली, डबा सुरू होऊन थोडा वेळ जातोय तोच रेघा परत वर.

“अरे, पण आम्ही टीव्ही बंद करून गेलेलो!”

टीव्ही बंद होता. डब्याला वेगळा ॲडॅप्टर आहे, तो कशाला बंद होतोय?

काका एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. त्यांना म्हटलं, तुमच्या गाडीत कुणीतरी विदाउट पॅसेंजर भरतोय. गाडी तुमची, मार्ग तुमचा, आणि चेकिंग आलं की रिपोर्ट तुमच्यावर. एवढ्यानंच ते ताठ बसले. मग उरलेलं समजवायला वेळ लागला नाही. असे डबे घरमालकाच्या नकळत त्याचं कनेक्शन तिसऱ्याला भाड्यानं देतात. दूरचा कोणी खोटी खाती उघडतो, चोरलेले पासवर्ड लावून बघतो, जाहिरातींवर खोट्या क्लिक मारतो. समोरच्या साइटला हे सगळं मिरजेतल्या एका सभ्य घरातून आल्यासारखं दिसतं. त्या दोन सारख्या रेघा म्हणजे हाच येणारा-जाणारा माल.

हे एकट्या मिरजेचं दुखणं नाही. २०२३ च्या जानेवारीत कॅनडातल्या एका तज्ज्ञानं स्वतः विकत घेतलेला टी९५ नावाचा डबा उघडून तपासला, तर त्यात व्हायरस आधीपासूनच भरलेला होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये डॉक्टर वेब या रशियन कंपनीनं ‘व्हॉइड’ नावाच्या अशाच प्रकाराबद्दल लिहिलं: १९७ देशांत मिळून जवळजवळ १३ लाख टीव्ही बॉक्स. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीच्या सरकारी सायबर सुरक्षा खात्यानं ‘बॅडबॉक्स’ नावाचा असाच व्हायरस असलेली तीस हजार उपकरणं चोरांच्या ताब्यातून तोडली. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना जाहीर इशारा दिला. त्यात ओळखीची खूण सांगितली होती ती काकांच्या डब्याला तंतोतंत लागू: सुरू करताना ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे गूगलची ॲप तपासणारी सुरक्षा, बंद करा असं डबाच सांगतो. जावईबापूंनी ते निमूटपणे केलं होतं.

“मग फॉरमॅट मारू या की,” जावई फोनवर म्हणाला. नेहमी फोनला चालतं ते इथं चालत नाही. व्हायरस नंतर शिरलेला नाही, कारखान्यातून किंवा वाटेत कुठंतरी मूळ सॉफ्टवेअरमध्येच घातलेला; रिसेट केलं तरी तो तिथंच. शिवाय या डब्याचं ५५५५ नंबरचं पोर्ट उघडं होतं. ते दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असतं, पण उघडं राहिलं तर घरच्या वायफायवरचा कोणीही पासवर्डशिवाय डब्याला हुकूम सोडू शकतो.

काकूंना पेन्शनच्या पैशांची धास्ती. त्यांना खरं तेच सांगितलं: बँकेचं ॲप आपलं बोलणं कुलूपबंद करून पाठवतं, शेजारी डबा आहे म्हणून पैसे उडत नाहीत. पण डब्यात जो जीमेल आणि ओटीटीचा पासवर्ड टाकलाय तो गेलाच असं समजा आणि फोनवरून बदला. तो त्यांनी माझ्यासमोरच बदलला.

त्या ‘रिपोर्ट’चं म्हणाल तर पोलिसांची पत्रं आम्हाला येतात. अमुक आयपी, अमुक पोर्ट, अमुक वेळ. त्या वेळी कोण होतं? परवान्याच्या अटीप्रमाणे ही नोंद आम्हाला ठेवावी लागते आणि द्यावीही लागते. नोंदीत डब्याचं नाव नसतं, कनेक्शनवाल्याचं असतं. काकांच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. त्यांच्या डब्यानंतर त्याच भागात आणखी दोन-तीन घरांत तसलेच सापडले, ते निघाल्यावर सिग्नल ओळखायच्या तक्रारी हळूहळू थांबल्या. एका घरानं मात्र डबा काढायला साफ नकार दिला, म्हणे मॅचेस संपू देत. त्यांना मी वेगळ्या पत्त्यावर टाकलं. गल्लीनं का सोसायचं?

नामांकित कंपनीची स्टिक असली म्हणजे डोळे मिटून बसावं असंही नाही. २०१९ च्या सुरुवातीला काही पोरांनी जगभरातल्या हजारो क्रोमकास्ट स्टिकवर स्वतःचा व्हिडिओ लावून दाखवला होता. दोष मुख्यतः राउटरचा. त्यातलं यूपीएनपी चालू असल्यानं घरातलं यंत्र बाहेरून पोचण्याजोगं झालं होतं. तुमच्या केबलवाल्याला सांगून ते बंद करून घ्या, आणि टीव्ही, स्टिक, डबे यांना राउटरच्या गेस्ट वायफायवर टाका. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

डबा घरात असेलच तर त्यातल्या प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’ बघा. तिथं ‘सर्टिफाइड नाही’ असं असेल, किंवा प्ले स्टोअरच नसेल आणि भलतंच दुकान असेल, तर आजच पिन काढा. आणि तो डबा कुणाला फुकटसुद्धा देऊ नका.