लॉस एंजेलिसमध्ये गाडी कोठे लावावी?

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता धाकट्या चिरंजीवांकडे लॉस एंजेलिसला सहा आठवडे राहून आलो. चिरंजीव तेथील एका विद्यापीठात एम.एस. करीत आहेत. पॅसिफिकचा किनारा, ग्रिफिथ वेधशाळा, डोंगरावरची हॉलिवूडची पांढरी अक्षरे हे सारे पाहिले. पण त्याचे वर्णन वाचकांनी इतरत्र पुष्कळ वाचले असेल. परत आल्यापासून माझ्या मनात घोळते आहे ते वेगळेच शहर. ते आहे गाडी उभी करण्यासाठी जागा शोधणाऱ्यांचे.

चिरंजीवांची गाडी म्हणजे तिघा विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेतलेली एक जुनी टोयोटा. नोंदणी खोलीतील हैदराबादच्या मुलाच्या नावावर, कारण त्या दिवशी त्याच्याच खात्यात पैसे होते. परदेशात शिकणाऱ्या मुलाने गाडी बाळगावी, हे मला प्रथम पटले नव्हते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते पुढे उभे असताना हा थाट कशाला, असे मी फोनवर बोललोही होतो. तेथे गेल्यावर अंतरे पाहिली आणि गप्प बसलो.

राहत्या इमारतीत तीन मुलांमागे एकही जागा नव्हती. गाडी रस्त्यावरच लावायची. रस्त्याच्या कडेची फरशी रंगवलेली असते आणि प्रत्येक रंगाला अर्थ असतो. लाल म्हणजे मुळीच थांबू नये, पिवळा माल चढवण्या-उतरवण्यासाठी, पांढरा माणसे उतरवण्यापुरता, हिरवा थोड्या वेळासाठी, निळा अपंगांसाठी. रंग नसेल तेथे खांब असतो आणि खांबावर एकाखाली एक चार-चार पाट्या. एका पाटीवर मंगळवारी सकाळी झाडलोट, दुसरीवर दोन तासांची मुदत, तिसरीवर संध्याकाळनंतर फक्त परवानाधारक रहिवासी. मी बँकेत पस्तीस वर्षे परिपत्रके वाचण्यात घालवली, तरी एका खांबापुढे दहा मिनिटे उभा राहूनही गाडी लावता येते की नाही, हे मला सांगता आले नाही. झाडलोटीच्या वेळी गाडी हलवली नाही, तर 73 डॉलर दंड. आमच्या पुण्यात सम-विषम तारखांच्या पाट्या असतात. त्या मला आता बाळबोध वाटतात.

विद्यापीठाच्या आवारात यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. सत्राचे पैसे आगाऊ भरायचे. मी साहजिकच विचारले, "मग तुझी जागा कोणती?" त्यावर तो हसला. तेथील विद्यार्थ्यांत एक जुना विनोद आहे, की हा जागेचा परवाना नव्हे, शिकारीचा आहे. परवाना घेऊन आत जायचे आणि एखादी जागा रिकामी होताना दिसली की तिच्यावर झडप घालायची.

जागा जितक्या, त्याहून अधिक परवाने विकले जातात. इतरांना हा अन्याय वाटेल. मला मात्र त्यात आपला व्यवसाय दिसला. बँक तरी काय करते? ठेवीदारांनी ठेवलेली सारी रक्कम तिजोरीत नसते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येणार नाहीत, या हिशेबावर बँक चालते. येथेही सर्व परवानाधारक एकाच वेळी येत नाहीत. कोणाचा तास सकाळी, कोणाचा संध्याकाळी. हिशेब चुकीचा नाही. फरक एवढाच की आमच्यावर रोख राखीव निधीचे बंधन असते, तपासणी असते आणि ठेवीदाराला रिकाम्या हाताने परत पाठवले तर बँक बुडते. विद्यापीठ बुडत नाही. परीक्षेच्या आठवड्यात सारे परवानाधारक एकदमच येतात. ठेवीदारांची अशी रांग लागली तर आम्ही घाबरून मुख्य कार्यालयाला फोन केला असता.

जागा कमी आहे म्हणावे, तर तसेही नाही. एका अभ्यासात लॉस एंजेलिस काउंटीतील पार्किंगच्या जागा मोजल्या, त्या सुमारे 1 कोटी 86 लाख भरल्या. त्यांनी व्यापलेली जमीन सुमारे 200 चौरस मैल, म्हणजे आपल्या बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या क्षेत्राहूनही अधिक. एवढी जमीन गाड्या उभ्या करण्यासाठी राखली आणि तरी माणसे फिरतातच. त्याच शहरातील यूसीएलए विद्यापीठात (आमच्या चिरंजीवांचे विद्यापीठ ते नव्हे) डोनाल्ड शूप नावाचे अर्थतज्ज्ञ होते. ते 2025 मध्ये वारले. त्यांनी आयुष्यभर या एका विषयाचा अभ्यास केला आणि 2005 मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. आपल्या विद्यापीठाशेजारच्या पंधरा चौकांच्या बाजारपेठेत केवळ जागा शोधण्यापायी गाड्या वर्षाला साडेनऊ लाख मैल फिरतात, असे त्यांनी काढले. चंद्रापर्यंतच्या चार फेऱ्या झाल्या. त्यांचे म्हणणे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. जी वस्तू फुकट किंवा पडत्या भावाने मिळते, तिच्यासाठी माणूस पैशाऐवजी वेळ मोजतो, आणि तो वेळ विकणाऱ्याच्याही पदरी पडत नाही. भाव असा ठेवावा की प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा नेहमी रिकामी राहील. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून मागणीनुसार दर बदलून हा प्रयोग करून पाहिला. तत्त्व मला पटते. परंतु ज्याच्या खिशात पैसा नाही आणि वेळही नाही, त्या विद्यार्थ्याने काय मोजावे, हा प्रश्न माझ्या मनात उरतोच. त्याचे कारण पुढे येईल.

सत्राच्या शेवटच्या परीक्षेचा तो दिवस. परीक्षा दुपारी एकला. नंतर आम्हाला विद्यापीठ दाखवायचे ठरले होते, म्हणून आम्हीही बरोबर निघालो. सौ.ने संध्याकाळच्या जेवणाचा डबा घेतला होता. डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ती सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. बारा वाजता आवारात शिरलो. पहिले वाहनतळ भरलेले. दुसरे भरलेले. तिसऱ्या ठिकाणी पाच मजली इमारतीत वरपर्यंत गोल गोल चढून गोल गोल उतरलो. एक मुलगी किल्ली हातात घेऊन चालत होती. तिच्यामागे आमची गाडी माणसाच्या चालीने चालली, मागे आणखी तीन. ती मुलगी गाडीतून पुस्तक काढून परत निघून गेली. साडेबारा होऊन गेले. मुलगा एक शब्द बोलत नव्हता; फक्त स्टीअरिंगवर बोटे वाजत होती.

रस्त्यापलीकडे दुकानांची एक बैठी रांग होती. तेथे सर्वत्र अशा रांगा असतात : पुढे मोकळे अंगण, मागे लाँड्री, डोनटचे दुकान, किराणा. अंगणात पाच-सहा जागा सरळ रिकाम्या. "येथे लाव," मी म्हणालो. "पप्पा, ती फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे." पाटी मीही वाचली होती. "मग आपण गिऱ्हाईक होऊ. मी काहीतरी विकत घेतो." त्याने घड्याळाकडे पाहिले आणि गाडी आत घेतली. तो धावत परीक्षेला गेला. मी किराण्याच्या दुकानातून सहा केळी घेतली, पावती जपून खिशात ठेवली आणि आम्ही दोघे रस्ता ओलांडून विद्यापीठाच्या हिरवळीवर जाऊन बसलो. ऊन छान पडले होते. आपण एक अडचण हुशारीने सोडवली, असे मला वाटत होते.

तीन वाजता तो आला. पेपर बरा गेला होता. अंगणात गेलो, तर आमच्या जागी दुसरी गाडी. मला प्रथम वाटले, चोरी झाली. त्याला तसे क्षणभरही वाटले नाही. तो शांतपणे पाटीजवळ गेला आणि खाली लिहिलेल्या क्रमांकावर फोन लावला. तो शांतपणा माझ्या लक्षात राहिला.

उचललेल्या गाड्यांचे आवार शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. भाड्याच्या गाडीने पोचेपर्यंत चार वाजून गेले. पत्र्याचे कुंपण, वर काटेरी तारेची वेटोळी, एक जाळीचे फाटक आणि जाड काचेची खिडकी. काचेखाली कागद सरकवण्यापुरती फट, अगदी आमच्या रोखपालाच्या खिडकीसारखी. आतला माणूस सौजन्याने वागला, हे सांगितले पाहिजे. मी केळ्यांची पावती फटीतून आत सरकवली. त्याने ती वाचली, परत दिली आणि पाटीचे छायाचित्र दाखवले. जागा गिऱ्हाइकांसाठी, तीही आवारात असेपर्यंतच. आवार सोडले की गाडी उचलली जाईल. दुसरी ओळ बारीक अक्षरांत नव्हती. चांगली ठळक होती. कर्जाच्या करारातील दुसरे कलम न वाचता सही करणाऱ्यांना मी आयुष्यभर बोल लावले, आणि येथे मी पहिलीच ओळ वाचून थांबलो होतो.

मग नोंदणीचा प्रश्न निघाला. गाडी ज्याच्या नावावर, त्यानेच यायला हवे. तो मुलगा स्वतः परीक्षेत होता, सुटायला पाच वाजणार. जाळीतून आमची गाडी दिसत होती, मागच्या सीटवरचा डबा दिसत होता, आणि पश्चिमेला पत्र्यांवर टेकलेला सूर्यही दिसत होता. डबा तरी काढू द्या, म्हणून चिरंजीवांनी विनवले. नोंदणीधारकाशिवाय आत सोडता येत नाही, असे उत्तर मिळाले. नियम आहे म्हटल्यावर मी काय बोलणार! काचेमागच्या माणसाला काय वाटले कोण जाणे, त्याने स्वतःचे एक खाऊचे पाकीट बाहेर सरकवले. सौ.ने हात जोडले. सूर्य पाच मिनिटे थांबला असता तरी ते चालले नसते, कारण पाकीट बटाट्याच्या वेफर्सचे होते. ती एवढेच म्हणाली, "असू द्या. उद्या खाईन." आणि बाकावर डोळे मिटून बसली.

हैदराबादचा मुलगा साडेपाचला धापा टाकीत आला. एकूण 318 डॉलर. माझे परदेशी चलनाचे कार्ड मी काढले, पण चिरंजीवांनी स्वतःचे आधीच पुढे केले होते. त्याच्या दीड महिन्याच्या किराण्याची ती रक्कम.

गाडीचे कागद ठेवायला मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला, तेव्हा आत एक प्लास्टिकची फाइल सापडली. झाडलोटीच्या दंडाच्या तीन पावत्या. विद्यापीठाच्या आवारातील एक दंड, त्याविरुद्ध केलेला अर्ज आणि तो फेटाळल्याचे पत्र. शेवटी ऑक्टोबर महिन्यातील, अशीच गाडी उचलून नेल्याची एक पावती. सर्व तारीखवार लावलेले. मुलगा माझाच खरा.

दर महिन्याला तो मला खर्चाचा तक्ता पाठवतो. कर्ज आहे म्हणून मीच ती शिस्त घातली. बँकेत तपासणीला गेलो की मी आधी "किरकोळ" हे सदर उघडत असे. झाकायचे ते माणसे तेथे झाकतात. ऑक्टोबरचे त्याचे "किरकोळ" फुगलेले पाहून मी फोन केला होता. काटकसरीवर दहा मिनिटे बोललो होतो. तो "पुस्तके घेतली" म्हणाला आणि मी समाधान मानले होते.

रात्री घरी आल्यावर विचारले. रागाने नव्हे, राग यायला मला जागाच उरली नव्हती. तो म्हणाला, "पप्पा, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, गाडी विकून टाक, बसने जा."

"म्हणालो असतो."

"लॅबमधून रात्री अकराला सुटतो. बसने घरी यायला दीड तास लागतो."

नंतर मी कॅलिफोर्नियाचा यासंबंधीचा कायदा वाचून काढला. खासगी आवारातून गाडी ओढून बाहेर रस्त्यावर निघण्यापूर्वी तिचा मालक पोचला, तर निम्म्याहून अधिक आकार घेता येत नाही. आम्ही त्या वेळी समोरच्या हिरवळीवर होतो. मधे फक्त रस्ता होता.

पुढच्या आठवड्यात बर्कलेला गेलो. तेथील विद्यापीठात नोबेल मिळवणाऱ्या प्राध्यापकाला आवारात राखीव जागा मिळते, पाटीवर "एन. एल." अशी अक्षरे असतात. क्लार्क कर हे त्या विद्यापीठाचे मोठे प्रशासक होऊन गेले. विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या सामाईक तक्रारीने एकत्र बांधलेला प्राध्यापकांचा समूह, अशा अर्थाची थट्टा त्यांनी 1963 मध्येच करून ठेवली होती. चिरंजीव त्या पाटीपुढे उभे राहून म्हणाले, "आता एवढाच मार्ग उरला." त्या दिवशी आम्ही आगगाडीने आलो होतो.

318 डॉलर देण्याचा मी निघेपर्यंत आग्रह धरला. चूक माझी होती, हे मी त्याच्या दोन्ही मित्रांसमोरही सांगितले. त्याने घेतले नाहीत.

जानेवारीत, आम्ही घरी आल्यावर, डिसेंबरचा तक्ता आला. "किरकोळ" सदरात अकरा डॉलर. त्याखाली एक नवे सदर होते : केळी, 318 डॉलर. मी पुढे लाल शाईने बरोबरची खूण केली आणि कागद फाइलला लावला.