पेन्शनच्या पैशात कोकणची वारी



आपल्या वयाची बरीच मंडळी म्हणतात, "एकदा अलिबाग बघायचे होते, नातवंडांना दाखवायचे होते. पण खर्च कुठला झेपायला?" मग पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ असे करता करता आपले गुडघे थकतात आणि नातवंडे सैन्यात जातात. म्हणून आम्ही तिघी जावांनी ठरवले, बितुआख लेउमीच्या पेन्शनमधून साठेल तेवढ्यात जाऊन यायचे. फेब्रुवारी 2023 मध्ये, तू बिश्वातच्या सुमारास गेलो. सोबत बारा वर्षांचा नातू. त्याला एक वही दिली आणि सांगितले, तू आमचा खजिनदार.

निघण्याआधीच एक नियम केला. काटकसर आपल्या आरामात करायची, तब्येतीत करायची नाही आणि गरिबाच्या पोटावर तर मुळीच नाही.

विमान एक थांबा घेणारे काढले. वेळ जास्त लागला, पण पैसे कमी पडले. म्हाताऱ्या माणसांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि रांगेत उभे राहून पाय सुजण्यापेक्षा ते बरे.

मुंबईत उतरून ठाण्याला भाच्याकडे राहिलो. पाहुण्यांसारख्या बसून मात्र राहिलो नाही. भाजी, दूध, फळे आम्ही आणत होतो, स्वयंपाकाला हात लावत होतो. दोन्ही घरांचा मान राहतो. शुक्रवार-शनिवार तिथेच होतो. ठाण्याचे शाआर हशामाईम सिनेगॉग 1879 सालचे, तिथे चालत गेलो. शब्बाथ पाळल्याने उलट आमचे पैसेच वाचले! कारण शनिवार-रविवारी मुंबईची माणसे अलिबागला गर्दी करतात आणि खोल्यांचे भाव चढतात. आम्ही रविवारी संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा ती सगळी परत निघाली होती. खोली स्वस्तात मिळाली.

ठाण्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आपल्या वेळचे व्हीटी. तिथून बेस्टच्या बसने गेटवेला. तेव्हा साध्या बसचे कमीत कमी भाडे 5 रुपये होते, मे 2025 पासून ते 10 झाले, तरी टॅक्सीपेक्षा पुष्कळ कमी. गेटवेहून मांडव्याला बोट. सुमारे तासाभराचा प्रवास, आणि त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस येते. तिकीट फेकून देऊ नका, बसमध्ये दाखवावे लागते. पावसाळ्यात ह्या बोटी बंद असतात. जुन्या मंडळींना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवत असेल. आमची थोरली जाऊ तीच आठवत कठड्याला धरून बसली होती, वाऱ्यातून उठायलाच तयार नाही.

अलिबागमध्ये इस्रायल आळी अजून त्याच नावाने ओळखली जाते. तिथले मागेन अबोत सिनेगॉग पाहिले. नवगावला आपले पूर्वज समुद्रातून वाचून आले, सात पुरुष आणि सात बायका, अशी आपली परंपरा सांगते. तिथे स्मारक आहे. नातवाने कथा ऐकली होती, पण समुद्र समोर दिसल्यावर विचारले, "सफ्ता, ते पोहत आले?" इथे बसून शंभर वेळा सांगितले असते तरी त्याने हा प्रश्न विचारला नसता.

सोमवारी तू बिश्वात, म्हणून खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या उरुसाला गेलो. हे अलिबागजवळचे खंडाळे, घाटातले नव्हे. खडकावर रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत अशी आपली श्रद्धा. गाडी ठरवून न घेता भागीदारीच्या मिनिडोरने गेलो. मलिद्याचे पोहे, नारळ, खजूर, फळे अलिबागच्या बाजारातून घेतली. नारळवाली मावशी उन्हात बसली होती. खजिनदार म्हणाला, "भाव कमी करायला सांगू?" त्याला वहीतच हिशोब करून दाखवला. तेव्हा एका शेकेलचे 23-24 रुपये येत होते. पाच रुपये सोडवले तर आपला पाव शेकेलसुद्धा वाचत नाही, पण तिच्या पाच नारळांचे पंचवीस रुपये जातात. त्यानंतर त्याने कुठे घासाघीस केली नाही.

खाण्याचे म्हणाल तर आम्ही बाहेर शाकाहारच घेतला. उडुप्याकडे इडली, राइस प्लेट. कोशेरचा प्रश्न मिटला आणि बिलही कमी.

आता मुख्य गोष्ट. आम्ही सारे आयुष्य इस्पितळात काढले, म्हणून हे आवर्जून सांगतो. इथे पैसे वाचवू नका:

प्रवासाचा विमा घ्याच, आणि रक्तदाब, साखर, हृदय जे काही असेल ते लिहून द्या. स्वस्त पडावे म्हणून लपवले तर वेळेला विमा कामाचा नाही. औषधे दहा दिवसांची जास्त घ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. पाणी उकळलेले किंवा सीलबंद. जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, आणि म्हाताऱ्या माणसाला लगेच डॉक्टरकडे न्या. अंधार पडला किंवा ऊन चढले की बसची वाट पाहू नका, रिक्षा करा. पडून हाड मोडले तर सगळी बचत त्यातच जाते.

आणखी थोडे. कपाटात जपलेल्या जुन्या 500 आणि 1000 च्या नोटा नेऊ नका, त्या 8 नोव्हेंबर 2016 ला रद्द झाल्या. सुट्टे पैसे जवळ ठेवा. ओसीआय कार्ड असेल तर बरोबर घ्या. घारापुरीच्या लेण्यांना परदेशी माणसाला 600 रुपये तिकीट होते. मार्च 2021 च्या नियमाप्रमाणे ओसीआयवाल्यांना भारतीयांचा दर, म्हणून आम्हाला 40 रुपये पडले. नातू पंधरा वर्षांखालचा, त्याला तिकीटच नाही. लेणी सोमवारी बंद असतात. एसटीत आम्ही पूर्ण तिकीट काढले. आम्ही परत आलो आणि लगेच मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले! पुढे जाणाऱ्या आमच्याहून नशीबवान.

मुलांनो, तुम्हीही आजी-आजोबांचे खजिनदार व्हा. त्यांची बॅग उचला, त्यांच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवा, आणि वाटेत त्यांना प्रश्न विचारा. उत्तरे देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आणि मोठ्यांनो, मोठी रक्कम साठेपर्यंत थांबू नका. चालता येते आहे तोवर जाऊन या. देव सर्वांना आरोग्य देवो.