सुईत राहिलेलं चंदन

आमच्या मोहल्ल्यात अत्तर विकणारे एक चाचा आहेत. माल कन्नौजहून मागवतात. चंदनाच्या तेलावर उतरवलेलं गुलाब ही त्यांची खासियत. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, यंदा वास टिकत नाही. चाचा गेल्या वर्षीची आणि यंदाची अशा दोन कुप्या घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. मी तिथं नवी होते.

जुनी कुपी आमच्या वरिष्ठांनी तपासली, नवी मी. माझ्या आलेखात चंदनाचं सँटलॉल बरंच कमी दिसलं. मी तसं लिहून दिलं. चाचांनी त्याच दिवशी माल पुरवणाऱ्याला फोनवर भेसळखोर म्हटलं. वीस वर्षांचा व्यवहार तुटला.

वरिष्ठांना शंका आली. त्यांनी मला दहा ते चाळीस कार्बनच्या सरळ हायड्रोकार्बनांचं, सारख्या वजनाचं मिश्रण गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचायला सांगितलं. सगळी शिखरं जवळपास सारखी यायला हवीत. माझी शेवटची शिखरं खुजी निघाली. त्यांनी टोचल्यावर ती सरळ रांगेत आली.

चूक माझ्या हातात होती. इंजेक्टर 250 अंशांवर तापलेला असतो. मी भरलेली सुई आत घालून दट्ट्या सावकाश दाबत होते. तेवढ्यात सुईतच उकळी फुटायची. गुलाबातलं 220 अंशांच्या आसपास उकळणारं फिनाइल इथाइल अल्कोहोल निघून जायचं आणि 300 च्या आसपास उकळणारं सँटलॉल सुईच्या आतल्या भिंतीला चिकटून राहायचं. जे कॉलमपर्यंत पोचलंच नाही, ते यंत्र मोजणार कसं?

वरिष्ठांनी रीत शिकवली. नमुना वर नळीत ओढून घ्यायचा, रिकामी सुई आत घालायची, तीन ते पाच सेकंद तापू द्यायची, मग दट्ट्या एका झटक्यात दाबायचा. एवढंसं एक मायक्रोलिटर, पण सारा न्याय त्यावर.

दुरुस्त अहवालात दोन्ही कुप्या सारख्याच निघाल्या. चाचांसमोर मान खाली घालून उभी राहिले.

"बेटा, शिवी मी दिली, माफीही मीच मागेन," ते म्हणाले. "पण चूक कुणाची, ते कागदावर लिहून दे."

मी लिहून दिलं, सहीसकट. आजही सही करण्याआधी ते मिश्रण एकदा टोचून बघते.