शंभरात किती?

“फादर, या रोगाने शंभरात किती दगावतात?” २०२० च्या एप्रिल महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने दूरध्वनीवरून मला विचारले. तिच्या घरी वृद्ध सासरे होते. मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला ३.४ टक्के हा आकडा आठवून मी म्हणालो, “तीन-चार. घाबरू नकोस.”

सोलापुरात करोनाचा पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी नोंदला गेला. अहवाल हाती आला तेव्हा तो रुग्ण मरण पावलेला होता. त्या दिवशीचा आमच्या शहराचा हिशेब मांडला असता, तर एकात एक, म्हणजे शंभरात शंभर!

मृत्युदर हा अपूर्णांक आहे. वर मृत्यू, खाली बाधित. साथीच्या आरंभी हे दोन्ही आकडे कच्चे असतात. घरच्या घरी बरे होणारे मोजलेच जात नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार ऑगस्ट २०२० मध्ये नोंदलेल्या एका रुग्णामागे प्रत्यक्षात २६ ते ३२ जणांना संसर्ग झालेला होता. छेद असा लहान राहिला की रोग आहे त्याहून भीषण भासतो.

उलट, आज खाटेवर असलेल्यांचे उद्या काय होणार, हे आज कोणास ठाऊक? २००३ च्या सार्सच्या साथीत प्रारंभीचा अंदाज शंभरात चारचा होता; अखेरीस ८,०९६ रुग्णांत ७७४ मृत्यू, म्हणजे शंभरात जवळजवळ दहा भरले. कधी मृत्यूही नोंदीबाहेर राहतात. जून २०२० मध्ये सोलापूर शहराच्या नोंदीत आधी न कळवलेले ४० मृत्यू एकदम चढले.

या साऱ्याहून मोठी चूक माझीच होती. मी सर्व वयांची सरासरी सांगितली. तिने विचारले होते सासऱ्यांविषयी. करोनाचा धोका वयाबरोबर कित्येक पटींनी वाढतो.

ऑगस्टमध्ये त्यांच्या दफनविधीला आम्ही मोजकेच जण होतो. नोंदवहीत मी नाव, वय, तारीख लिहिली. त्या वहीत टक्केवारीचा रकाना नसतो. त्या भगिनीने मला कधी दोष दिला नाही; म्हणूनच ते अधिक सलते.

पुन्हा नवी साथ आली आणि कुणी हाच प्रश्न विचारला, तर आकडा सांगण्यापूर्वी मी विचारीन: मोजले कोण गेले? अजून खाटेवर कोण आहेत? आणि बाळ, तुझ्या घरी कोण आहे?