काचेची खोली आणि माणिकबाग

परवा रात्री 'द ग्लास रूम' नावाचा 2019चा चेक सिनेमा पाहिला. दिग्दर्शक जूलियस शेव्हचिक. गोष्ट 1930च्या आसपास सुरू होते. एक श्रीमंत जोडपं काच, पोलाद आणि काँक्रीटचं घर बांधून घेतं. त्या घरात नवराबायकोचं प्रेम हळूहळू उसवतं आणि तिची एक मैत्रीण तिच्यावर जीव लावून बसते. मग युद्ध येतं, घर सुटतं, माणसं पांगतात. सिनेमा ठीकच आहे हो, मधेमधे फार सुंदर दिसण्याच्या नादात रेंगाळतो. पण घर! ते खरं आहे. बर्नो शहरातला व्हिला टुगेंडहाट, मीस व्हान डर रोहेनं 1930 साली पुरा केलेला. खालच्या मजल्यावरच्या प्रचंड काचा बटण दाबलं की थेट तळघरात उतरतात. मूळचं ज्यू कुटुंब 1938मध्ये देश सोडून गेलं. पुढे तिथे रशियन फौजेची घोडी बांधली गेली, मग नाचाची शाळा भरली, मग पाठीच्या आजाराच्या मुलांचे व्यायाम झाले.

पाहताना मला सारखं इंदूर आठवत होतं.

आपल्या मराठी माणसाचंही असं एक घर आहे, मंडळी. माणिकबाग. होळकर म्हटलं की आपल्याला अहिल्याबाई आणि घाट आठवतात. आम्हा आंबेगावकरांना फार तर शेजारच्या खेड तालुक्यातलं वाफगाव, जिथल्या गढीत थोरले यशवंतराव जन्मले. पण त्याच घराण्यातले दुसरे यशवंतराव (जन्म 1908) ऑक्सफर्डला शिकले आणि एकार्ट मुथेसिउस नावाच्या जर्मन आर्किटेक्टला त्यांनी आपला राजवाडा सोपवला. दोघंही विशीतले! ना घुमट, ना कमानी, ना झुंबरं. सरळ रेषा, धातूची दारं, आणि खुर्च्यांमध्ये आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए अशी नावं. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, माळव्याच्या उन्हात!

आणि प्रेम? कागलकरांची संयोगिताराजे. लग्न 1924 साली झालं तेव्हा दोघंही अगदीच लहान. म्हणजे लग्न आधी आणि प्रेम नंतर, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे. पण मॅन रेनं काढलेले या दोघांचे फोटो जरूर शोधून पाहा. राजाराणी असं काही त्यात नाहीच. एकमेकांच्या गळ्यात पडलेली, हसणारी, कॅमेऱ्याचं भान सुटलेली दोन पोरं. मला तरी हिंदी सिनेमातल्या कुठल्याही राजवाडी प्रेमापेक्षा ते खरं वाटतं.

संयोगिताराजे 1937 साली स्वित्झर्लंडमध्ये गेल्या. पंचविशीही गाठली नव्हती. ब्रांकुशीकडून पक्ष्याची तीन शिल्पं घेऊन त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचं घाटत होतं. तो शिल्पकार त्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर काही उभं राहिलं नाही. यशवंतराव 1961मध्ये गेले. घरातल्या फर्निचरचा 1980 साली मोनॅकोत लिलाव झाला, आणि माणिकबागेत केंद्रीय अबकारी खात्याचं ऑफिस आलं. फायली, टेबलं, पंखे. सिनेमाला अजून काय हवं असतं?

आता हे सगळं मी इथे का लिहितेय ते घरच्यांना कळलं असेलच. :)

घोडेगावचं आपलं घर. अण्णांनी 1968 साली मुंबईच्या ड्राफ्ट्समनच्या नोकरीत शिकलेलं सगळं त्यात ओतलं. आळीत सगळीकडे कौलं आणि आपला सपाट स्लॅब. पोरं 'आगपेटी' म्हणायची. पश्चिमेच्या भिंतीला आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकी. आजी म्हणे, "पाऊस कुठून येतो ते यांना माहीत नाही का?" पावसाळ्यात खिडकीखाली पातेली ठेवावी लागत, हे खरं. पण ती खिडकी त्या बाजूला का, हे मी अण्णांना विचारलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तिचं माहेर तिकडे आहे."

आजीचं माहेर जुनं आंबेगाव. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव उरलं, गाव नाही. खिडकीतून आंबेगाव पूर्वीही दिसत नव्हतं, मधे डोंगर आहेत. तरी आजी संध्याकाळी तिथेच तांदूळ निवडत बसायची. अण्णा गेल्यावर स्लॅब दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा "खिडकी बुजवून टाका" असं कुणीतरी म्हणालं. आजी दोन दिवस जेवली नाही. आयुष्यभर त्या घराला नावं ठेवणारी बाई!

काका, दिवाळीत जागा बिल्डरला द्यायची बोलणी होणार आहेत ते मला ठाऊक आहे. स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, दुरुस्तीचा खर्च कुणी एकट्यानं करायचा नाही, तिथे राहायलाही कुणी नाही. तुमचं म्हणणं चुकीचं नाही, आणि मी पुण्यात बसून गळे काढणार नाही. पण सही करण्याआधी मला दोन दिवस द्या. टेप आणि कॅमेरा घेऊन येते, प्रत्येक खोलीची मापं घेते. अण्णांचे मूळ नकाशे लोखंडी ट्रंकेत असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. आणि पश्चिमेची खिडकी फोडू नका, चौकटीसकट काढायला सांगा. मजुरी मी देईन.